'काय वानू' मधल्या 'वानणे'चा नेमका अर्थ काय? आजच्या लेखनात ते वापरता येईल का?

कोशात 'स्तुती करणे' असा अर्थ मिळेल. तो चूक नाही, पण अर्धाच आहे.

वानणे आले 'वर्ण'वरून. कर्णाचा कान झाला, पर्णाचे पान झाले, तसा वर्णाचा वान. संस्कृत धातुपाठात वर्ण् धातूचा अर्थ 'वर्णक्रियाविस्तारगुणवचनेषु' असा दिला आहे: रंगवणे, विस्ताराने सांगणे, गुण गाणे. म्हणजे वर्णन आणि स्तुती मुळातच एका घरातली. वानणारा नुसते 'वा!' म्हणून थांबत नाही, तो एकेक गुण रंगवत बसतो.

तुकोबांचा संतांवरचा अभंग आठवा: 'काय वानूं आतां न पुरे हे वाणी । मस्तक चरणीं ठेवीतसें ॥' 'जगाच्या कल्याणा संतांच्या विभूती' ही सर्वांच्या तोंडी असलेली ओळ याच अभंगातली. आता 'वानूं'च्या जागी 'स्तुती करूं' घालून पाहा. अर्थ तोच राहतो, पण जीव जातो. वर्णन करायला घेतले आणि वाणीच संपली, तेव्हा उरले फक्त डोके पायावर ठेवणे. हा सगळा प्रवास त्या एका क्रियापदामुळे दिसतो.

वानू आणि वाणी यांचा नाद इतका जुळतो की बरीच वर्षे मी ते एकाच कुळातले शब्द समजत होतो. तसे नाही, वाणी हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला वेगळा शब्द. काही छापील प्रतींत 'वाणूं' असते, त्याने घोटाळा आणखी वाढतो. टंचाई या अर्थाच्या 'वानवा'शीही याचा संबंध नाही.

आज वापरायचे तर 'किती वानू', 'काय वानावे' अशा, शब्द अपुरे पडल्याच्या जागी शोभते. 'समीक्षकांनी कादंबरी वानली' मात्र कानाला खटकते. तिथे 'वाखाणली' लिहा. वाखाणणे आले 'व्याख्यान'वरून, म्हणजे आधी उलगडून सांगणे आणि मग वाहवा. (गंमत म्हणजे अरबीतून आलेल्या 'तारीफ'चीही तीच कथा: मूळ अर्थ ओळख करून देणे, व्याख्या.) समीक्षकाचे कामही तेच, तेव्हा त्याच्याकडे वाखाणणेच राहू द्या.