रत्नागिरीत नोकरी सांभाळून ट्रायथलॉनची तयारी, आठवड्याला सातेक तास मिळतात, तर पोहणं, सायकल, धावणं तिन्हीला सारखा वेळ द्यायचा का?

सारखा अजिबात नको. ऑलिम्पिक अंतराच्या ट्रायथलॉन शर्यतीत १.५ किमी पोहणं, ४० किमी सायकल आणि १० किमी धावणं असतं, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ सायकलवरच जातो, त्यामुळे आठवड्याला सातेक तास मिळतायत म्हणताय तर निम्मे तिलाच द्या. आरे-वारेचा रस्ता जवळच आहे, चढाला गिअर हलका करून पाय फिरते ठेवा, उतारावर ब्रेक वळणाआधीच.

पोहणं थोडं थोडं पण नेमाने, तिथे ताकदीपेक्षा टेक्निक लागतं, दोनतीनदा अर्धा अर्धा तास पुरे. पावसाळ्यात समुद्रात उतरूच नका प्लीज, पूलच बरा, आणि एरवीही एकट्याने नको!

धावणं मात्र हळूहळूच वाढवा, दुखापती जास्त तिथेच होतात. भाट्याच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली घट्ट वाळू मिळते खरी, पण ती समुद्राकडे कललेली असते, एकाच दिशेने लांब पळालात तर गुडघा बोलायला लागतो, म्हणून तेवढंच उलटंही पळत या. आणि रविवारी सायकलवरून उतरल्या उतरल्या लगेच दहा-पंधरा मिनिटं धावा, सुरुवातीला पाय दगडासारखे लागतात त्याची सवय यानेच होते.