अंगणात पेरू की शोभेचं गवत? वाचकांची प्रश्नोत्तरे

मे संपत आला की नर्सरीत गर्दी होते आणि आमच्याकडे एकाच धाटणीचे प्रश्न येतात: फळझाड घेऊ की ते तुऱ्यांचं गवत? त्यातले काही निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : पुण्यात रो-हाऊससमोर १० × १२ फुटांची माती आहे. ऊन पाचएक तास. पेरू लावावा की जांभळं फाउंटन ग्रास? (कोथरूड)

पाच तास म्हणजे कोणते, ते आधी पाहा. सकाळी आठ ते दुपारी एक असेल तर दोन्ही जमेल. दुपारनंतरचं तिरपं ऊन असेल तर पेरूला फुलं कमी येतील आणि जांभळं गवत महिन्या-दोन महिन्यांत हिरवट पडून आडवं होईल. नर्सरीवाल्याने फसवलं असं लोकांना वाटतं, पण रंग उन्हावरच टिकतो.

ऊन ठीक असेल तर प्रश्न जागेचा नसून कामाचा आहे. पेरू छाटून ७-८ फुटांत ठेवता येतो, पण छाटणी वर्षातून दोनदा करावीच लागते, कारण फळ नव्या फुटीवरच येतं. सरदार जातीचं कलम घ्या. २ × २ × २ फुटांचा खड्डा करून वरची माती, १५ किलो कुजलेलं शेणखत आणि अर्धा किलो सिंगल सुपर फॉस्फेट भरा. भिंतीपासून निदान ५ फूट सोडा. ड्रेनेजची लाइन त्याहून जवळ असेल तर झाडाचा विचारच सोडा. शेंडा अडीच फुटांवर खुडून चार दिशांना चार फांद्या ठेवा आणि पहिल्या वर्षीची फुलं काढून टाका. पावसाळ्यातल्या फळांत फळमाशीच्या अळ्या हमखास पडतात, म्हणून उन्हाळ्यातली फुलं खुडून हिवाळ्यातलं पीक घ्यावं. फळ लिंबाएवढं झालं की कागदी पिशवी बांधावी.

हे सगळं वाचून कंटाळा आला असेल तर गवत लावा. दोन-दोन फुटांवर तीन रोपं, वर्षातून एक कापणी, संपलं. घरात पेरू खाणारी मुलं असतील तर मात्र आमचं मत पेरूला.

प्रश्न : कागदी लिंबाचं तीन वर्षांचं झाड आहे. बुंध्याभोवती मोकळी माती दिसते म्हणून गोल शोभेचं गवत लावलं, दोघांना एकच ड्रिप. गवत जोरात आहे, पण लिंबाची पानं पिवळी पडली आणि फुलं गळतात. (बारामती)

लिंबाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीत पसरलेली असतात आणि गवताची मुळंही तिथेच, कितीतरी दाट. तुम्ही टाकलेलं खत आधी गवत खातं. दुसरी अडचण पाण्याची. लिंबाला बहार धरायला ताण (काही आठवडे पाणी तोडणं) लागतो, गवताला तो द्यायचा नसतो. एका ड्रिपवर दोघांना सांभाळलंत की लिंबाचा बुंधा बारा महिने ओला राहतो आणि त्यातूनच डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) येतो. खोडावर मधासारखे थेंब दिसतात का, जमिनीलगतची साल बोटाने दाबून मऊ लागते का, हे आजच पाहा.

आता पिवळेपणा. आधी जुनी, खालची पानं सरसकट पिवळी झाली असतील तर नत्र कमी पडलंय. शेंड्याची नवी पानं पिवळी, पण शिरा हिरव्या, असं दिसलं तर लोह-जस्ताची कमतरता, आणि तुमच्या भागातल्या चुनखडीच्या काळ्या मातीत ती नेहमीचीच. चमचाभर कोरड्या मातीवर व्हिनेगर टाका. फेस आला तर चुनखडी आहे असं समजा. तिथे जमिनीतून लोह दिलं तरी लागू पडत नाही. चिलेटेड (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं) जस्त आणि लोह, प्रत्येकी १ ग्रॅम एक लिटर पाण्यात, नवी पालवी अर्धी उमलली की संध्याकाळी फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा.

गवत बुंध्यापासून ३ फुटांपर्यंत काढावंच लागेल. कुदळ चालवू नका, लिंबाची मुळं तुटतील. आधी गवत जमिनीलगत कापा, चार दिवस पाणी बंद ठेवा, मग खुरप्याने गड्डे कडेकडेने सैल करून उचला. उरलेल्या मुळ्या तशाच राहू द्या, कुजतील. त्यानंतर दुहेरी आळं करा: बुंध्याभोवती फूटभर अंतरावर मातीचा एक वरंबा, फांद्यांच्या घेराखाली दुसरा, आणि पाणी फक्त या दोन्हींच्या मधे. तिथेच पालापाचोळ्याचा तीन इंच थर, खोडाला न चिकटवता. डिंक दिसला असेल तर ती साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरवडून बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात वेगवेगळे भिजवून मग एकत्र करायचे. लोखंडी भांडं वापरू नका.

खत जूनमध्ये १५ किलो शेणखत आणि १ किलो निंबोळी पेंड. युरिया जून, सप्टेंबर आणि जानेवारीत, दर वेळी १०० ग्रॅम, घेराखाली पसरून. डिसेंबरात चारएक आठवडे पाणी तोडा (भारी जमिनीत थोडं जास्त), पानं निस्तेज होऊन थोडी गळली की पहिलं पाणी हलकं द्या. एकदम भरपूर पाणी दिलं तर आलेली फुलं पुन्हा गळतात.

काढलेलं गवत फेकू नका, कुंपणालगत दुसऱ्या ड्रिपवर लावा. तिथे त्याला युरिया देऊ नका, नत्र जास्त झालं की गवत लोळतं.

प्रश्न : गच्चीवर काय टिकेल? लिंबू की गवत? (नागपूर)

आधी वजन. २०० लिटरच्या ड्रमचा अर्धा भाग ओल्या मिश्रणाने भरला की सव्वाशे किलोच्या आसपास जातो, म्हणून असा ड्रम तुळईच्या रेषेवर ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. गवताची १४ इंची कुंडी तीसएक किलोची. मे महिन्यात गवताला रोज पाणी लागेल. लिंबाला त्या दिवसांत दुपारची ५० टक्के शेडनेट हवी, नाहीतर कोवळी फळं एका बाजूने भाजतात. एकच घ्यायचं असेल तर गच्चीवर आम्ही गवत म्हणू.

प्रश्न : पंपास ग्रास दोन वर्षं झाली तरी तुरा नाही, शिवाय पानं हाताला कापतात. (रत्नागिरी)

बियांपासूनच्या रोपाला तुरा यायला दोन-तीन वर्षं लागतात, पण तुमच्याकडे त्याआधी पावसात गड्डा कुजण्याचीच शक्यता जास्त. पान कापतं कारण कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. चामडी हातमोज्यांशिवाय हात घालू नका. जांभ्याच्या उतारावर त्यापेक्षा वाळा लावा. जूनच्या पहिल्या पावसात दोन-तीन फुटव्यांचा जुडगा, एकेक वीत अंतरावर, उताराला आडव्या ओळीत. मुळं सरळ खाली जातात, माती धरतात आणि वाळा इकडेतिकडे पसरत नाही. फक्त माठातल्या पाण्यासाठी हीच ओळ उपटू नका, त्यासाठी चार गड्डे बाजूला लावा.

प्रश्न : उंच गवतात साप येतात का?

आडोसा आणि उंदीर मिळाले तर येतात. दारापासून ५-६ फूट लांब लावा आणि खालचं वाळलेलं पान साठू देऊ नका.

प्रश्न : फाउंटन ग्रासचा मधला भाग वाळून टक्कल पडलंय. कापू का उपटू?

फेब्रुवारीत सुतळीने मोळीसारखं बांधून जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. बांधल्यामुळे कचरा पसरत नाही. मग अख्खा गड्डा उकरा, कोयत्याने चार तुकडे करा, मधला वाळका भाग टाकून द्या आणि कडेचे हिरवे तुकडे पूर्वीच्याच खोलीवर लावा. खोल गेले की कुजतात. कापणी दरवर्षीची, पण गड्डा उकरून तुकडे करणं दर तीन वर्षांनी. पावसाळ्यात मात्र कापू नका, कापलेल्या पोकळ काड्यांत पाणी साचतं.