बारावीनंतर साउंड इंजिनिअरिंग शिकायला पुण्याला जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी सायन्स झाली, गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, पेटी वाजवता, मोबाईलवर ट्रॅक बनवता. पुण्याच्या एका खाजगी संस्थेत साउंड इंजिनिअरिंग आणि म्युझिक प्रॉडक्शनचा वर्षभराचा कोर्स आहे, फी लाखांच्या घरात, आणि बाबा त्यासाठी धानाची बांधी विकायला तयार आहेत. जाऊ का, आणि लॅपटॉप कोणता घेऊ?

बांधी विकू नका भाऊ. निदान यंदा तर नाहीच. मी ब्रह्मपुरीला छोटा स्टुडिओ चालवतो आणि हंगामात झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्याच्या, नाटकांना साउंड करतो. शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी हेच सांगतो: आधी दोन हंगाम नाटकाच्या शामियान्यात काढा, सोबत कमी खर्चाचं सरकारी शिक्षण चालू ठेवा, मग मोठ्या फीच्या कोर्सचं बघू.

आपल्या भागात दिवाळीनंतर मंडई (गावच्या जत्रा), शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की होळीपर्यंत कुठं ना कुठं रात्रभर नाटक उभं असतं. गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा हे त्याचं मुख्य ठाणं. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी. आणि इथं संगीत अजून समोर बसून वाजवलं जातं: ऑर्गन, तबला, ढोलक, ऑक्टोपॅड. नट स्वतः गातात. रिटेक मिळत नाही, प्रेक्षक तिकीट काढून बसलेला असतो. आवाज ओळखायला शिकण्यासाठी याहून चांगली जागा मला माहीत नाही.

एक उदाहरण देतो. रंगमंचावर समोर ओळीनं माइक टांगलेले आहेत. नायिका दोन माइकच्या मधे उभी राहून गाते, पण एक माइक तिच्यापासून दुसऱ्यापेक्षा 34 सेंटिमीटर लांब आहे. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो, म्हणजे 34 सेंटिमीटरला एक मिलिसेकंद लागतो. दोन्ही माइकवर आवाज जवळपास सारखा येत असेल तर तोच सूर मिक्सरवर एका मिलिसेकंदाच्या फरकानं दोनदा पोचतो, आणि 500, 1500, 2500 हर्ट्झच्या जागी एकमेकाला खातो. मागच्या रांगेत तो टिनाच्या डब्यात तोंड घालून गायल्यासारखा ऐकू येतो. नवीन पोरगा अशा वेळी ट्रेबल वाढवत बसतो, त्यानं काही होत नाही, उलट माइक शिट्टी मारायला लागतो. मिक्सरवर लांबच्या माइकचा आवाज खाली ओढला की आवाज तिथल्या तिथं मोकळा होतो. तुमच्या बारावीच्या पुस्तकातला लहरींच्या अध्यारोपणाचा धडा म्हणजे हेच. फक्त इथं तो वेळेवर करावा लागतो, आणि त्यासाठी पुढचं वाक्य कोणाचं, कोण कोणत्या विंगेतून येणार हे पाठ पाहिजे. म्हणून चांगला साउंडवाला तालमीला जाऊन बसतो आणि संहिता वाचतो.

मागच्या लोकांसाठी शामियान्याच्या मधात जे बॉक्स लावतात त्यांचंही तसंच. स्टेजपासून 34 मीटरवर असतील तर स्टेजचा आवाज तिथं एक दशांश सेकंद उशिरा येतो आणि प्रत्येक शब्द दुहेरी होतो. त्या बॉक्सला 100 मिलिसेकंदाचा डिले द्या, म्हणजे त्यांचा आवाज तेवढाच उशिरा सोडा, शब्द एकच ऐकू येईल. आपल्याकडे बरेच जण हा डिले न लावताच आवाज वाढवतात. लोक मग म्हणतात, 'आवाज लय मोठा होऊन राहिला, पण समजून नाही राहिलं.'

दुसरी गोष्ट वीज. आपल्या लाइनचा 50 हर्ट्झचा घुर्र आवाज सिस्टीममध्ये घुसला की नाटकाच्या शांत प्रसंगाचा जीव जातो. एक एक वायर काढून तो कुठून येतो ते शोधायचं: बहुतेकदा ऑर्गनचा अडॅप्टर, नाहीतर मिक्सर आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यानं पडलेला अर्थिंगचा वेढा. लाइटच्या केबलला चिकटून माइकची केबल कधी नेऊ नका, आडवी जायचीच असेल तर काटकोनात न्या. ऑर्गनला डीआय बॉक्स लावा, म्हणजे वाद्याचा सिग्नल घुरघुर न घेता मिक्सरपर्यंत नेणारी छोटी डबी. आणि काही झालं तरी घुरघुर जाते म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढू नका. ओल्या जमिनीवर उभा नट लोखंडी माइक हातात घेतो, त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. हे मी हात जोडून सांगतो.

म्हणूनच माझा पहिला सल्ला अनेकांना विचित्र वाटतो: तालुक्याच्या सरकारी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करा. सोल्डरिंग, पॉवर सप्लाय, मीटर धरणं हे ज्याला येतं तो साउंडवाला हंगामात रिकामा बसत नाही, आणि पावसाळ्यात लोकांचे अँप्लिफायर दुरुस्त करून चार पैसे कमावतो. पदवीच करायची असेल तर आपल्याला छत्तीसगडमधलं खैरागड पुण्यापेक्षा कितीतरी जवळ आहे. तिथलं इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय 1956 चं, सरकारी आहे. गोंदियाहून डोंगरगड आणि पुढं रस्त्यानं. गायन, वादन, लोकसंगीत नीट शिकता येतं. पेटी तुम्हाला येतेच, तिच्यावर गुरू धरून मेहनत घ्या. गायक अर्धी श्रुती उतरला हे कानाला कळलं पाहिजे, ते सॉफ्टवेअरच्या रंगीत रेषांवर शोधायची वेळ येऊ नये.

पदवीनंतर पुण्याला जायचं तर एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेसाठी जा, नाहीतर कोलकात्याच्या तशाच सत्यजित राय इन्स्टिट्यूटला. दोन्ही केंद्र सरकारच्या संस्था, दोन्हीकडे साउंडचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे, प्रवेश परीक्षा देऊन जाता येतं, राखीव जागाही आहेत. बारावीला तुमचं भौतिकशास्त्र होतं याचा तिथं उपयोग होतो. 2009 मध्ये साउंड मिक्सिंगचं ऑस्कर घेणारे रसूल पूकुट्टी केरळच्या खेड्यातून निघून एफटीआयआयलाच शिकले.

खाजगी संस्था सगळ्या वाईट असं मी म्हणत नाही. जाणारच असाल तर आधी फोन करून विचारा: एका कन्सोलवर किती विद्यार्थी, स्टुडिओ एकट्याला किती तास मिळतो, शिकवणारे सध्या स्वतः कुठं काम करतात, प्रमाणपत्र कोणत्या विद्यापीठाचं. मागच्या बॅचच्या दोघांचे नंबर मागा आणि ते आज काय करतात ते त्यांच्याच तोंडून ऐका. नंबर द्यायला संस्था कां-कू करत असेल तर तिथंच थांबा.

आता रेकॉर्डिंगचं. घरी सराव करायला आपलं मातीच्या भिंतीचं, कवेलूचं घर सिमेंटच्या स्लॅबच्या खोलीपेक्षा फार बरं. खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत टाळीमागं टणटण अशी शेपटी ऐकू येते, कारण समोरासमोरच्या गुळगुळीत भिंती आवाज एकमेकींवर फेकत राहतात. धानाची पोती रचलेल्या खोलीत ती बरीचशी विरून जाते. नुसती चादर टांगून वरचे स्वर दबतात, ढोलकाच्या घुमाऱ्याला काही फरक पडत नाही. 100 हर्ट्झची लहर सव्वातीन मीटरहून लांब असते, तिला जाडजूड काहीतरी लागतं.

पहिलं रेकॉर्डिंग गावातल्या भजन मंडळाचं करा. तुकडोजी महाराजांच्या भजनाची खंजिरी पकडणं ही मोठी परीक्षा आहे. माइक कातड्याच्या सरळ समोर धरला तर थाप फाटते. वीतभर अंतरावर, थोडा तिरका धरा, म्हणजे थापही येते आणि झांजाही कान फोडत नाहीत. 24 बिटवर रेकॉर्ड करत असाल तर लेव्हल उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याच्या वर गेलेला आवाज कायमचा फाटतो, खाली असलेला नंतर वाढवता येतो. बुवा तालमीत जेवढं हळू म्हणतात, रंग चढल्यावर त्याच्या दुप्पट जोर लावतात, ती जागा आधीच सोडा.

कामाचं म्हणाल तर नाटकाचा हंगाम सोडूनही काम असतं. 14 एप्रिलच्या आधी भीमगीतं, नवरात्रात देवीची गाणी, शाळांच्या स्नेहसंमेलनाचे ट्रॅक, निवडणुकीच्या जाहिराती, आणि आता यूट्यूबसाठी झाडीबोलीतली गाणी. यावर मुंबईसारखा पैसा होत नाही, घर चालतं. एक मात्र पहिल्या दिवसापासून पाळा: गाणं कोणाचं, चाल कोणाची, रेकॉर्डिंगचे हक्क कोणाकडे हे कागदावर लिहून सही घ्या. कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा नुसता लिहून घेऊन काढून टाकता येत नाही, हे आपल्या शाहिरांना, गीतकारांना कोणी सांगतच नाही. तुम्ही सांगा. आणि नेटवरून उचललेला बीट गिऱ्हाइकाच्या गाण्याखाली टाकू नका, मूळ मालकाचा कॉपीराइटचा क्लेम आला की त्या माणसाची सगळी मेहनत अडकते.

लॅपटॉप आता घेऊ नका. आधी एक बंद कपांचा वायरचा हेडफोन आणि एक साधा डायनॅमिक माइक घ्या. एसएम58 हा माइक 1966 पासून स्टेजवर चालतो आहे, जुना खरा मिळाला तर चांगलाच, फक्त नकली फार असतात, जाणकाराला दाखवून घ्या. लॅपटॉपची वेळ येईल तेव्हा 8 जीबी रॅम आणि एसएसडी असलेला जुना चालेल, सोबत माइक लॅपटॉपला जोडणारा, दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसाठी रीपर उतरवा. 60 दिवस ते पूर्ण वापरून बघता येतं, नंतर लहान वापरासाठी परवाना 60 डॉलरला आहे. चोरीचं सॉफ्टवेअर नको.

दिवाळीच्या आधी वडसाला या. तुमच्याकडून गोंदिया-बल्लारशा लाइनची थेट गाडी आहे. नाटक कंपन्यांची ऑफिसं तिथंच आहेत, बुकिंगच्या दिवसांत सगळे भेटतात. बाबांनाही सोबत आणा, म्हणजे हे काम काय असतं ते त्यांनाही बघता येईल. कंपनीच्या मॅनेजरला सरळ सांगा की पेटी येते, बारावी सायन्स झाली, केबल गुंडाळण्यापासून काम करीन. पेटी येणारा हेल्पर त्यांना सहसा मिळत नाही.