४० हजार व्ह्यूज आणि चार आंबे

‘माई, मी देवगड तालुक्यातली सून. आमची साठेक हापूसची कलमं आहेत. दोन वर्षांपूर्वी हौस म्हणून इन्स्टाग्रामवर बागेचं अकाउंट काढलं. यंदा एका रीलला ४० हजार व्ह्यूज आले. त्यात मी नऊवारी नेसून, जावेची नथ घालून झेल्याने आंबे काढतेय. प्रत्यक्षात त्यावरून पेट्या गेल्या ११, त्यातल्या ७ नातलगांकडे. वर पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंनी खाली लिहिलं, ‘चार आंब्यांत साका निघाला.’ मी घाबरून ती कमेंट डिलीट केली. तेव्हापासून झोप उडालीय. दर दहा मिनिटांनी फोन बघते. नवरा म्हणतो, बंद कर ते थेर. करू का?
– कलमांखालची एक’

बाय गो,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा नथीपाशी हसले, दुसऱ्यांदा साक्यापाशी अडले. अकाउंटचं मागाहून बघू, आधी त्या पुण्याच्या बाईंचं बोलू.

त्या ४० हजारांतल्या बहुतेकांनी तुझी नऊवारी पाहिली आणि अंगठ्याने वर सरकवून पुढे कुणाचं तरी मांजर पाहिलं. या बाईंनी पैसे मोजले, पेटीची वाट पाहिली, पेंढ्यातले आंबे रोज चाचपून पाहिले, कापले आणि मग तुला लिहिलं. एवढ्या गर्दीत तुझ्याशी कामाचं बोललेलं माणूस ते एकच. नेमकं त्यालाच तू पडवीतून परत पाठवलंस.

साका म्हणजे काही तुझी लबाडी नव्हे. साल पिवळीधमक, वास घरभर, आणि सुरी घातली की बाठ्याजवळ पांढुरका, भुसभुशीत, आंबूस गर. बाहेरून तो कुणाच्या बापाला कळत नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे. पुण्याच्या बाईंना कोण सांगणार? आजच फोन कर. म्हण, ‘ताई, तुमची कमेंट मी काढली, माझं चुकलं. पुढच्या पेटीत चार आंबे जास्तीचे घालते.’ सबबी सांगू नकोस. सबब सांगितली की माणसाला चार आंबेही कमी वाटतात.

मग एक व्हिडिओ कर. साका निघालेलाच आंबा कापून दाखव. उतरवलेलं फळ तापल्या कातळावर का ठेवत नाही, झाडावर फार पिकू का देत नाही, आणि एवढं करूनही एखादा कसा निघतो, ते तू घरात बोलतेस तसं सांग. रोजच्या साडीवर कर, गाऊनवर केलास तरी माझी ना नाही. खांद्यावर टॉवेल घे म्हणजे सासूबाई बोलायच्या नाहीत. व्ह्यूज चारशे येतील. येऊ देत. मुंबई-पुण्याचं गिऱ्हाईक दुधाने पोळलेलं असतं. कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावाने खपतो हे त्याने ऐकलेलं असतं, बऱ्याचदा खाल्लेलंही असतं. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सिंधुदुर्ग-रत्नागिरीपासून रायगड, ठाणे, पालघरपर्यंत पाच जिल्ह्यांना. त्याचा उपयोग आहेच. पण पेटी उघडताना गिऱ्हाइकाला हवा असतो तो फोनवरचा ओळखीचा आवाज, ‘वाईट निघाला तर मला सांगा’ म्हणणारा.

मी फार शहाणी आहे असं समजू नकोस. मागच्या गणपतीत वाफेचा फोटो यावा म्हणून मी मोदकपात्राचं झाकण तीनदा उघडलं. वाफ गेली, पाऱ्या चिरल्या, सारण खाली पाण्यात उतरलं. फोटोला दीडशे लाइक्स आले. नैवेद्याला सासूबाईंनी आधीच बाजूला काढलेले पाच मोदक गेले. त्या एवढंच म्हणाल्या, ‘गो, गणपती मोदक खातलो काय फोटो?’ तो फोटो अजून आहे माझ्या अकाउंटवर. काढवत नाही.

आता अकाउंट. बंद करू नकोस. लाइक्सचा आकडा झाकून ठेवायची सोय इन्स्टाग्रामने २०२१ मध्ये सगळ्यांना दिली आहे, सेटिंगमध्ये जाऊन आजच झाक. रात्री पोटात ढवळतं त्यातलं निम्मं तिथेच शमेल. आणि विक्रीसाठी व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट लिस्ट कर. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, आणि ज्यांनी तुझा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. ही अट मला फार आवडते. नंबर सेव्ह करण्याइतकी ज्याला गरज वाटली, तोच उरतो. तुझे आज असतील पंधरा. मोहोर कधी आला, पहिली तोड कधी, यंदा दर काय, एवढं त्यांना कळव. ‘शुभ सकाळ’ पाठवलंस तर मी तुला ओळखत नाही.

नवऱ्याचं म्हणणं मात्र अर्धंच धर. थेर नथीतलं होतं, फोनातलं नव्हे. आणि त्यालाही कामाला लाव. तुडतुड्यावर कुठली फवारणी कधी, यावर आपल्याकडचे पुरुष तिठ्यावरच्या चहाच्या टपरीवर तासभर बोलतात आणि कॅमेरा दिसला की मुके होतात. तेव्हा त्याला न सांगता पडवीतल्या कठड्यावर फोन उभा करू नकोस, भांडण होईल. सांगून कर. पहिले दोन दिवस लाजेल.

उतरवणीच्या दिवसांत फोन फडताळात ठेव, दुपारी जेवल्यावर बघ. पुण्याच्या बाई काय म्हणाल्या ते मला कळव. मारे ओरडल्या तरी कळव.

आणि जावेची नथ परत केलीस का? पत्रात त्याबद्दल अवाक्षर नाही.

– माई