जेवण झालं की नळ सुरू

ताई,

गेल्या डिसेंबरात मेलबर्नहून वेंगुर्ल्याच्या घरी आलात तेव्हा काय काय दिसलं ते तुम्ही बारकाईने लिहिलंय. सतरा वर्षांची लेक पंगतीत सगळ्यांच्या वरताण वडे-सागोती जेवायची, उठली की मागच्या दाराने न्हाणीघरात जायची आणि नळ बराच वेळ वाहत राहायचा. गार कोकम सरबत पुढे केलं तर दात कळवळतात म्हणून नको म्हणायची. ‘मेलबर्नची नाटकं’ म्हणत सगळे हसले. पोर अंगाने चांगली होती, म्हणून तुम्हालाही शंका आली नाही.

बुलिमिया हा खाण्याचा आजार फसवतो तो इथेच. खाणं टाकून वाळत चाललेली मुलगी दहा जणांना दिसते. या आजारात वजन बहुतेकदा चारचौघींसारखंच असतं. भान सुटल्यासारखं खायचं, मग जाड होण्याच्या धास्तीने ते उलटीने किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी बाहेर काढायचं, दुसऱ्या दिवशी उपाशी राहायचं, आणि त्या भुकेपोटी पुन्हा तुटून पडायचं. हे थेर नव्हेत. लंडनच्या जेरल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञाने १९७९ मध्ये या आजाराला नाव दिलं. वारंवार उलट्या काढणाऱ्यांच्या हातावर, बोटांच्या सांध्यांवर पडणारे घट्टेही त्यानेच नोंदवले. तुम्ही लिहिलेला ‘उजव्या हातावरचा खरचटल्यासारखा डाग’ म्हणूनच मला खटकला.

दातांचंही तेच. पोटातलं आम्ल सतत तोंडात आलं की दातांवरचं कवच झिजतं, विशेषतः वरच्या पुढच्या दातांचं आतल्या बाजूने. म्हणून कधीकधी पहिली शंका दंतवैद्याला येते. उलटीनंतर लगेच ब्रश करू नये, पाण्याने चूळ भरावी.

पण दात गेले तर दात गेले; काळजी हृदयाची आहे. उलट्या-जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम घटतं आणि ठोके बिघडतात, तेही वरून धडधाकट दिसणाऱ्या मुलीचे. शहाळं पाजून हे निस्तरत नाही. या आठवड्यातच जीपीकडे, म्हणजे तुमच्या तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, रक्ततपासणी आणि ईसीजी करून घ्या. चक्कर येऊन पडली, छातीत धडधडलं, उलटीत रक्त दिसलं किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट इमर्जन्सीत न्या.

ऑस्ट्रेलियात २०१९ च्या नोव्हेंबरपासून मेडिकेअरमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्यविम्यात, खाण्याच्या आजारांसाठी वेगळी योजना आहे. निकषांत बसल्यास वर्षाला मानसोपचाराची ४० आणि आहारतज्ज्ञाची २० सत्रं मिळू शकतात. जीपीला त्या योजनेबद्दल विचारा. उपचाराने मुली बऱ्या होतात. या वयात तर घरच्यांना सोबत घेऊनच उपचार करतात.

तिच्याशी बोलाल ते जेवणाच्या टेबलावर नको. गाडीत बोला, तिथे नजरेला नजर द्यावी लागत नाही. ‘जेवल्यावर तुला त्रास होतो असं मला वाटतं, आपण डॉक्टरांकडे जाऊ,’ एवढं पुरे. चिडेल, नाकारेल. दोन दिवसांनी पुन्हा काढा. बाथरूमची कडी काढून टाकणं, डबे कुलपात ठेवणं असलं काही करू नका. आणि संकष्टी वगैरे तिच्यापुरती बंद. दिवसभराचा उपास हे या आजाराला आयतं निमंत्रण.

आता आजी. विमानतळावरून घरात पाऊल टाकताच ‘काय गो बाय, बरीच भरलंस मगे!’ हे आपल्याकडचं स्वागत. मीही माझ्या भाचीला पडवीत उभं करून असंच म्हटलंय, आणि तिचा उतरलेला चेहरा मला फार उशिरा आठवला. यंदा निघण्याआधी आजीला फोन करून आजाराचं नाव सांगा. लपवू नका, कोकणातल्या म्हाताऱ्यांना वाटतं त्याहून पुष्कळ कळतं. अंगावरून बोलायचं नाही, पानात आग्रह करायचा नाही, आणि जेवणं आटोपली की नातीला तासभर जवळ बसवून घ्यायचं. पत्ते खेळा, वाल सोला, नाहीतर शेजारच्या लग्नातली भांडणं सांगा. ते आजीला सांगायलाच नको.