हरकत आहे, भांडण नाही

प्रश्न: आमच्या सोसायटीने पाण्याचा पंप पहाटे पाचला लावायचं ठरवलंय आणि माझी बेडरूम बरोबर पंपाच्या डोक्यावर. ग्रुपवर मी टाकलं, 'आय अॅम इन कॉन्फ्लिक्ट विथ द कमिटी'. रात्री सेक्रेटरींचा फोन, 'काय हो, आम्ही काय घोडं मारलं तुमचं?' ऑपोज, ऑब्जेक्ट, डिस्प्युट, कॉन्फ्लिक्ट, सगळ्याचा अर्थ विरोधच ना?
- एक वाचक, परळ

उत्तर: सेक्रेटरी उगाच नाही भडकले हो. कॉन्फ्लिक्ट म्हटलं की दोन बाजू दंड थोपटून उभ्या, आणि ते बरेच दिवस धुमसतंय असं वाटतं. (माणसंच लागतात असंही नाही, दोन मीटिंगा एका वेळेला आल्या तरी त्या कॉन्फ्लिक्ट होतात.)

तुम्हाला हवा होता ऑब्जेक्ट. आपण मुंबईकर ज्या एनओसीसाठी चपला झिजवतो ना, त्यातला ओ म्हणजे ऑब्जेक्शन, मराठीत ना हरकत, तर ऑब्जेक्ट म्हणजे हरकत घेणं, बस्स.

ऑपोज त्याहून जोरदार, म्हणजे ठराव पडावा म्हणून तुम्ही हात वर करणार, चार घरं फिरणार. इथे आपली मराठी आपल्याला पाडते, कारण 'ठरावाला विरोध' मधल्या 'ला'चं आपण 'टू' करतो आणि 'आय ऑपोज टू द रेझोल्युशन' लिहून मोकळे होतो, जे चूक आहे, ऑपोजच्या पुढे थेट ठराव. ऑब्जेक्टला मात्र टू लागतोच, आणि 'आय अॅम ऑपोज्ड' म्हटलंत तर तिथेही टू परत येतो, आता याला कोण काय करणार!

डिस्प्युटमध्ये काहीतरी ठरायचं राहिलेलं असतं, पैसा, हद्द, हक्क. परळच्या माणसाला गिरण्यांमुळे 'इंडस्ट्रियल डिस्प्युट्स अॅक्ट, १९४७' हे नाव कानावरून गेलं असेलच. सोसायट्यांच्या १९६० च्या कायद्यातही कलम ९१ मध्ये हाच शब्द आहे, तो वाद सहकार न्यायालयात जातो. 'आय डिस्प्युट द बिल' म्हणजे बिलाचा आकडाच मला मान्य नाही. पंपाची वेळ तिथवर नेऊ नका.

जाता जाता, राइव्हल ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ एकाच ओढ्याचं पाणी घेणारा, म्हणजे तुमच्या सोसायटीतले सगळेच.

आता ग्रुपवर नीट टाका, 'आय ऑब्जेक्ट टू रनिंग द पंप अॅट फाइव्ह', आणि रन नाही हं, टूच्या पुढे इथे रनिंगच.