रात्री अकराला पोरगी लॅपटॉपवर बसते, हा अभ्यास का टाईमपास?

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका वडलांचं पत्र आलंय. स्वतः टॉवेलच्या कारखान्यात जॉबर (माग नीट चालते ठेवणारे मिस्त्री) आहेत, पोरगी बीएस्सी कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला. ते लिहितात, "मॅडम, रोज रात्री अकराला लॅपटॉप उघडून बसती. पाच पोरं एकाच फाइलमध्ये लिहायलीत म्हणे, एक पुण्याचा, एक नांदेडची, एक हुबळीचा, यातलं एक पण पोरगं तिनं डोळ्यानं बघितलेलं नाही. विचारलं तर म्हणती प्रोजेक्ट. शेजारचे म्हणतात पुण्याला पाठवा, सहा महिन्यांचा क्लास, दीड लाख फी. ती म्हणती क्लास नको, फुकटात ऑनलाइन शिकते. आणि आता तर सगळं एआयच लिहून देतंय, मग शिकून काय उपयोग? कुणाचं ऐकू?"

अण्णा, नमस्कार. पहिलं म्हणजे ते दीड लाख आत्ता भरू नका, आणि कर्ज काढून तर अजिबातच नको. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

आज रात्री तिच्या शेजारी खुर्ची घेऊन बसा आणि म्हणा, ती फाइल दाखव आणि तिची व्हर्जन हिस्टरी उघड. गूगल डॉक्समध्ये फाइल मेनूतच असतंय ते. कुणी कुठल्या तारखेला किती वाजता काय लिहिलं, काय खोडलं, सगळं दिसतं, प्रत्येकाचा रंग वेगळा. मागच्या महिन्यात माझ्याकडं चार पोरं आली होती, प्रोजेक्ट एकच, पहिल्या पानावर चौघांची नावं ठळक अक्षरात. मी हिस्टरी उघडली तर तीन आठवडे नुसता जांभळा रंग. बाकी तिघांचे रंग उगवले ते सबमिशनच्या आदल्या रात्री दीड वाजता, आणि तेही कशात तर स्वतःच्या नावाचं स्पेलिंग नीट करण्यात! जांभळा रंग जिचा होता ती पोरगी कोपऱ्यात गप्प बसलेली आणि तोपर्यंत हे तिघंच भडाभडा बोलत होते. मग जरा वेळ कुणीच काही बोललं नाही.

तुमच्या पोरीचा रंग त्या फाइलमध्ये रोज दिसत असेल तर ती शिकायलीय, निवांत झोपा. दिसत नसेल तर मात्र ओरडा.

तुम्हाला हे वेगळं समजवायला नकोच खरं तर. कापडात खोट निघाली की कुठल्या मागावरची, कुठल्या पाळीतली, हे तुम्ही शोधून काढताच की. आणि चादरीच्या जेकार्डच्या पट्टीत, म्हणजे नक्षी ठरवणाऱ्या भोकांच्या पुठ्ठ्यात, एक भोक चुकलं की तीच चूक दर नक्षीत परत परत येते, हे तर सोलापुरात शेंबड्या पोराला पण माहितीय. कॉम्प्युटरवाले त्यालाच बग म्हणतात. (जेकार्डचं यंत्र फ्रान्समध्ये 1804 साली आलं आणि भोकं पाडलेल्या कार्डांवर गणितयंत्र चालवायची कल्पना चार्ल्स बॅबेज ह्या इंग्रज गणितज्ञानं त्या पट्ट्यांवरनंच उचलली, हे पोरीला सांगा, बापाचा धंदा तिच्या धंद्याचा आजा आहे.)

आता न भेटता काम करायचं. ही तुमच्या पोरीची थेरं नाहीत. गिट नावाचं साधन लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये बनवलं तेच ह्यासाठी, लिनक्स ह्या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमवर जगभरातनं माणसं काम करत होती आणि कुणी काय बदललं ह्याचा हिशोब ठेवणारं बिटकीपर नावाचं साधन त्यांना फुकट मिळायचं ते बंद झालं म्हणून. आज सॉफ्टवेअरच्या बऱ्याचशा नोकऱ्यात पहिल्या आठवड्यात हेच वापरायला लागतं. तेव्हा तिला सांगा की डॉक्सवर थांबू नको, प्रोजेक्टचा कोड गिटहबवर (गिटनं ठेवलेला कोड जिथं सगळ्यांना दिसतो ती वेबसाइट) टाक, थोडा थोडा करून टाक, प्रत्येक वेळी काय बदललं त्याची एक ओळ लिही. मग दुसऱ्या कुणाचा तरी खुला प्रोजेक्ट शोधायचा, तिथं गुड फर्स्ट इश्यू असं लेबल लावलेली नवख्यांसाठीची छोटी कामं असतात, त्यातलं एक करून पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, पाठवायची. पहिल्यांदा बहुतेक परत येईल. येऊ दे. परत पाठवताना समोरचा बऱ्याचदा ओळीओळीवर लिहितो की हे असं का चालणार नाही, आणि एवढं बारकाईनं तपासून देणारा मास्तर दीड लाखाच्या क्लासात मिळेलच असं नाही.

फुकटात शिकते म्हणते त्यात पण तथ्य आहे, पण पूर्ण नाही. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएस्सीनं 2003 मध्ये सुरू केलेलं एनपीटीईएल हे ऑनलाइन कोर्सचं व्यासपीठ आहे, कोर्स करायला पैसे लागत नाहीत, सर्टिफिकेट पाहिजे तर परीक्षेला हजाराच्या आसपास फी आणि ती परीक्षा सेंटरवर जाऊन द्यायची, 25 मार्क असाइनमेंटचे, 75 परीक्षेचे. तिनं बारा आठवड्यांचा एकच घ्यावा. एकच! पोरं एका दमात सहा कोर्सला नाव नोंदवतात आणि तिसऱ्या आठवड्याला सगळे सोडतात. मी काय वेगळी नाही हो, लॉकडाऊनमध्ये तीन सुरू केले आणि पूर्ण झाला एकच, ज्याची परीक्षा फी भरली होती तो. एनपीटीईएलच्या कोर्सचे क्रेडिट डिग्रीत धरतात का हे कॉलेजात आधीच विचारून घ्या, नंतर पळापळ नको.

इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल बघू दे, दहा-दहा मिनिटांचे असतात आणि त्यातले बरेच मराठीत आहेत. लॅपटॉप जुना असला तरी नवा घ्यायची घाई नको, पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतलं काम गूगल कोलॅबवर ब्राउझरमध्येच होतं, जोर गूगलच्या मशीनचा लागतो. फक्त मध्येच कनेक्शन तुटून सेशन बंद पडलं तर तिथं तयार झालेल्या फाइली जातात, त्या ड्राइव्हवर ठेवायची सवय लावायला सांगा. आपल्याकडं लाईट कधी जाईल काय नेम.

आणि पैसे भरले की शिक्षण चांगलं असंही नसतं. मी स्वतः एका गाजावाजा केलेल्या ऑनलाइन क्लासला चांगले पैसे मोजलेत, लाइव्ह म्हणाले आणि दाखवले रेकॉर्डिंग, शंका विचारली तर चार दिवसांनी उत्तर काय, तर "ग्रेट क्वेश्चन!" बास, एवढंच.

एआयचं म्हणाल तर वापरू दे. चूक कुठंय ते त्याला विचारावं, पण त्यानं दिलेला कोड फाइलमध्ये टाकायच्या आधी प्रत्येक ओळ तिला तोंडानं समजावून सांगता आली पाहिजे, तुम्हालाच सांगू दे, तुम्हाला कळलं नाही तरी ती कुठं अडखळते ते तुम्हाला बरोबर कळेल. इंटरव्ह्यूत हेच विचारतात, हे असं का लिहिलंस? तिथं गडबडलं की संपलं.

मला काळजी वाटते ती वेगळीच. फाइलमध्ये सगळं लिहून होतं, त्यामुळं ह्या पोरांना तोंड उघडायला लागत नाही. आपल्या पोरी घरात तेलुगू, बाहेर मराठी, मैत्रिणींत हिंदी, तिन्ही सुसाट बोलतात आणि गूगल मीटवर इंग्रजीत बोलायची वेळ आली की कॅमेरा बंद, माइक बंद. तिला सांगा आठवड्यातनं एकदा ग्रुपला पाच मिनिटं आपलं काम बोलून दाखव, मोडकं तोडकं का होईना.

पुणं कायमचं नको असं मी म्हणत नाही. तिसऱ्या वर्षात इंटर्नशिप मिळाली तर खुशाल हुतात्मा एक्स्प्रेसनं पाठवा. पण नुसता क्लास लावायला नको. आपल्याच माढा तालुक्यात परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकात क्यूआर कोड चिकटवून पोरांना शिकवलं आणि 2020 चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळवलं, ते काही पुण्याला जाऊन नाही.

दोन बारक्या गोष्टी. फाइलची लिंक असेल त्या कुणालाही बदल करता येतील अशी सेटिंग ठेवू नये, एका ग्रुपचं अख्खं प्रकरण कुणीतरी उडवलं होतं (हिस्टरीतनं परत मिळालं, पण पोरं रात्रभर रडली). आणि अकराची वेळ नऊला आणा, हुबळीच्या पोराला पण झोप येतच असेल.

हिस्टरी बघून काय दिसलं ते सांगायला पोरीला घेऊन या, लॅपटॉपचा चार्जर विसरू नका. शनिवारी दुपारनंतर या, सकाळी नको, त्या दिवशी आमच्याकडं नळाला पाणी यायचंय आणि ते चार दिवसांनी येतंय.